रविवार कोणाचा?

रविवारची सुटी कोणीतरी भांडून मिळवली होती, हे वर्गात सांगितले की मुले चकित होऊन बघत. त्यांना वाटे, रविवार म्हणजे सुटीच, त्यात मिळवायचे काय! वास्तविक आपल्या पाटण-जावळीची माणसे पिढ्यान् पिढ्या मुंबईच्या गिरण्यांत गेली. म्हणजे हा इतिहास आपल्या घरचाच.

सुरुवातीला गिरण्या सूर्याच्या उजेडावर चालत. उजाडले की काम सुरू, मावळले की बंद. म्हणजे पगार तोच, पण उन्हाळ्यात दिवस मोठा! १८८१ च्या कायद्याने फक्त सात ते बारा वर्षांच्या मुलांना नऊ तासांची मर्यादा घातली. मोठ्यांच्या तासांबद्दल चकार शब्द नव्हता.

१८८४ मध्ये महात्मा फुल्यांचे सहकारी, सत्यशोधक नारायण मेघाजी लोखंडे यांनी गिरणी कामगारांच्या सभा घेतल्या. साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचा अर्ज गेला. मागण्या काय, तर रविवारी सुटी, दुपारी अर्धा तास विश्रांती, सूर्यास्ताला काम बंद आणि वेळेवर पगार. आज वाचताना वाटते, किती साध्या गोष्टी! पण त्यासाठी सहा वर्षे गेली. २४ एप्रिल १८९० रोजी महालक्ष्मीच्या मैदानावर दहा हजारांवर कामगार जमले, त्यात दोन स्त्रियाही बोलल्या. अखेर १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी रविवार मान्य केला.

पण पुढे गिरण्यांत विजेचे दिवे आले आणि कामाचा दिवस सूर्याच्या हातातून सुटला. काही गिरण्या चौदा-चौदा तास चालू लागल्या. आम्ही कोयनेकाठचे लोक वीज म्हणजे प्रगती असे घोकत आलो, म्हणून हे मुद्दाम लिहितो. कापडगिरणीतल्या पुरुषांना बारा तासांची मर्यादा मिळायला १९११ साल उजाडावे लागले. १९४८ च्या कारखाने कायद्यात मग सारे नीट लिहिले गेले: दिवसाला नऊ तास, आठवड्याला अठ्ठेचाळीस, सलग पाच तासांनंतर अर्धा तास विश्रांती आणि जादा कामाला दुप्पट दराने पैसे.

हे झाले फाटकाच्या आतल्यांचे. आपल्याकडचे कितीतरी लोक मुंबईत गिरणीत न जाता बाजारात हमाली करत होते. सकाळी एका व्यापाऱ्याचे पोते, दुपारी दुसऱ्याचे. ओव्हरटाइम मागायचा कोणाकडे? सुटी द्यायची कोणी? मालकच ठरलेला नाही!

हा पेच सोडवला तो पाटण तालुक्यातल्याच माणसाने. मंद्रुळकोळ्याच्या अण्णासाहेब पाटलांनी या माथाडींना संघटित केले आणि १९६९ मध्ये माथाडी कायदा झाला. युक्ती साधी होती. हमालांच्या टोळ्यांची मंडळाकडे नोंद करायची, व्यापाऱ्याने मजुरी आणि वर ठरावीक लेव्ही मंडळात भरायची, आणि मंडळाने त्यातून पगार, भविष्य निर्वाह निधी, भरपगारी रजा द्यायची. अनेक मालकांचा मिळून एक मालक! माझ्या मते लोखंड्यांच्या रविवाराइतकेच हे मोठे काम आहे. पाठ्यपुस्तकात मात्र मी ते कधी शिकवले नाही, कारण ते तिथे नव्हते.

आता आपल्याच गावची मुले पुण्यात मोटारसायकलवरून जेवण पोचवतात. मोबाइल सांगेल तिकडे जायचे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या सामाजिक सुरक्षा संहितेत त्यांचे नाव आले आहे, विमा वगैरे योजनांसाठी. दिवसाचे तास किती आणि जेवणाची सुटी कधी, हे त्यात नाही.