विक्री वाढली आणि गल्ला रिकामा झाला! ‘सुभिक्षा’ची १,६०० दुकानं बंद का पडली?

दुर्भिक्ष म्हणजे टंचाई. त्याच्या उलट सुभिक्ष, म्हणजे सुबत्ता. १९९७ मध्ये चेन्नईत सुरू झालेल्या एका दुकानांच्या साखळीनं हेच नाव घेतलं होतं, सुभिक्षा. किराणा, भाजी, औषधं आणि पुढे मोबाइलसुद्धा बाजारापेक्षा स्वस्त. दुकान लहान, सजावटीवर खर्च नाही. गिऱ्हाईक खूश होतं. २००६ च्या सुमारास तमिळनाडूत दीडशेच्या आसपास दुकानं झाली होती. मग कंपनीनं देशभर हातपाय पसरले आणि दोनच वर्षांत हा आकडा १,६०० च्या घरात नेला. २००८ मध्ये अझीम प्रेमजी यांच्या गुंतवणूक कंपनीनंही त्यात १० टक्के हिस्सा घेतला.

आणि २००९ उजाडलं तेव्हा शटर खाली यायला लागली होती.

गिऱ्हाईक कमी पडलं म्हणून हे झालं नाही. प्रत्येक नव्या दुकानाचं डिपॉझिट, भाडं, फर्निचर, पहिला माल यात पैसा आधी जातो आणि परत यायला वेळ लागतो. हा पैसा बऱ्याच अंशी कर्जाचा होता. २००८ च्या जागतिक मंदीत नवा पैसा मिळणं आटलं. पुरवठादारांची बिलं थकली, पगार थकले. मग माल नाही म्हणून विक्री नाही आणि विक्री नाही म्हणून माल आणायला पैसा नाही. कंपनीच्या हिशेबांवर नंतर बरेच प्रश्न उठले, तो विषय वेगळा. पण दुकानं थांबली ती रोकड संपल्यामुळे.

हेच गणित छोट्या धंद्यात

समजा, तुम्ही मसाले बनवून दुकानांना देता. महिन्याची विक्री १ लाख, मिरची-पॅकिंग-मजुरी मिळून खर्च ८० हजार, नफा २० हजार. मिरचीवाला रोख मागतो, दुकानदार मात्र दोन महिन्यांनी पैसे देतो. म्हणजे तुमच्या खिशातले १ लाख ६० हजार कायम बाजारात अडकलेले. यालाच खेळतं भांडवल म्हणतात, जरी ते खेळण्यापेक्षा अडकूनच जास्त पडलेलं असतं!

आता एक मोठी ऑर्डर आली आणि विक्री दुप्पट झाली. घरी पेढे वाटले जातील. पण अडकलेली रक्कम ३ लाख २० हजार होईल. वरचे १ लाख ६० हजार कुठून आणायचे? नवा नफा महिना ४० हजार धरला, तरी हे चार महिन्यांच्या नफ्याइतके झाले. त्यात तो नफाही दोन महिने उशिरा हातात येणार आणि घरखर्च त्यातूनच भागणार. धंदा फायद्यात असताना माणूस खासगी सावकाराच्या दारात जातो तो इथे. ऑर्डर घेण्याआधी हा हिशेब कागदावर मांडायला दहा मिनिटं लागतात.

याच काळात मुंबईत दुसरं एक दुकान वाढत होतं. राधाकिशन दमाणी यांनी २००२ मध्ये पवईत पहिलं डी-मार्ट उघडलं. २०१७ मध्ये कंपनी शेअर बाजारात आली तेव्हाही दुकानं १३० च्या आसपासच होती. सुभिक्षानं दोन वर्षांत उघडली त्याच्या दहाव्या हिश्श्याहूनही कमी, आणि तीही पंधरा वर्षांत. बहुतेक जागा स्वतःच्या मालकीच्या आणि पुरवठादाराला पैसे लवकर, म्हणून माल स्वस्त. स्वतःची जागा घेणं छोट्या दुकानदाराला परवडणार नाही, ते सोडून द्या. पण रोख दिले तर किती टक्के कमी कराल, हा प्रश्न आपल्या होलसेलवाल्याला कितीजण विचारतात?

आटोपतं घेणं

कॅफे कॉफी डेची गोष्ट पुढची आहे. जुलै २०१९ मध्ये संस्थापक व्ही. जी. सिद्धार्थ यांचं निधन झालं, तेव्हा समूहावर सुमारे ७,२०० कोटींचं कर्ज होतं. पुढे बंगळुरूचं टेक पार्क ब्लॅकस्टोनला विकलं गेलं. १,७०० च्या आसपास असलेले कॅफे कमी करत ५०० च्या जवळ आणले. मार्च २०२१ पर्यंत कर्ज १,८०० कोटींच्या आसपास आलं होतं. सगळं सुरळीत झालं असं नाही, कर्ज देणाऱ्यांचे दावे नंतरही ट्रायब्युनलपर्यंत गेले. पण कॅफे चालू राहिले. आपल्याकडे तोट्यातली दुसरी शाखा वर्षानुवर्षं ओढली जाते, कारण बंद केली तर ‘लोक काय म्हणतील’. तिचं भाडं मात्र पहिल्या शाखेच्या गल्ल्यातून जातं.

अडकलेली उधारी

मालमत्ता विकायची वेळ येण्याआधी आपलंच येणं वसूल करायला हवं. त्यासाठी २००६ चा एमएसएमईडी कायदा आहे. सूक्ष्म किंवा लघु उद्योगाकडून माल किंवा सेवा घेणाऱ्यानं लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत, करार नसेल तर १५ दिवसांत पैसे द्यायचे असतात. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दरानं, दरमहा चक्रवाढ व्याज लागतं. शिवाय प्राप्तिकराच्या नव्या नियमामुळे मुदतीत न दिलेलं बिल खरेदीदाराला त्या वर्षी खर्च म्हणून दाखवता येत नाही. त्यामुळे मार्च जवळ आला की थकलेली बिलं अचानक आठवायला लागतात!

यासाठी उद्यम नोंदणी हवी. ती ऑनलाइन आणि मोफत होते, एजंटला पैसे द्यायची गरज नाही. माल देण्याआधीच नोंदणी असेल तर दावा सोपा जातो. तक्रार राज्याच्या सुविधा परिषदेकडे करता येते. मात्र विलंबित देयकाचं हे संरक्षण उत्पादक आणि सेवा देणाऱ्यांसाठी आहे. निव्वळ खरेदी-विक्री करणाऱ्या व्यापाऱ्याला उद्यम नोंदणी मिळते, हा लाभ नाही. त्याला उधारीची मर्यादा स्वतःच्या वहीतच ठरवावी लागते.