धारामर्यादक (उच्चदाब रोहित्राचा)

उच्चदाब रोहित्राच्या प्राथमिक गुंडाळीतील धारा ठरावीक मर्यादेत ठेवणारी योजना. ठिणगीफटीच्या हौशी टेस्ला कॉइलमध्ये ती टाळता येत नाही. ठिणगीफट पेटते त्या क्षणी रोहित्राची दुय्यम बाजू जवळजवळ शॉर्ट होते, आणि आवर नसेल तर फ्यूज जातो किंवा गुंडाळी जळते.

निऑन फलकांची जुन्या धाटणीची रोहित्रे (उदा., १५ किलोव्होल्ट, ३० मिलिअँपिअर) गाभ्यातल्या चुंबकीय बगलमार्गामुळे स्वतःच धारा आवरतात. खांबावरच्या रोहित्राचे तसे नसते. अमेरिकेतील हौशी लोक ते उलटे जोडून वापरतात, पण त्याला बाहेरून मर्यादक लावावाच लागतो.

वेल्डिंग मशीन : हा सर्वांत सोयीचा मर्यादक. ट्रॉल्या आणि शेतीची अवजारे जोडणाऱ्या औसा-लातूरकडच्या वर्कशॉपांत रोहित्राचे वेल्डिंग मशीन नित्याचे असते. वरचे हँडल फिरवले की दोन गुंडाळ्यांमधला सरकता गाभा आत-बाहेर होतो. गाभा आत गेला की चुंबकीय प्रवाह आडवाटेने गळतो आणि करंट उतरतो. बाहेर आला की चढतो. पातळ पत्रा जोडताना कारागीर करंट उतरवतो तो असाच. टेस्ला कॉइलसाठी मशीनची वेल्डिंगची दोन टोके एकमेकांना जोडून त्याची प्राथमिक गुंडाळी उच्चदाब रोहित्राच्या प्राथमिक गुंडाळीशी एकसरीत घालतात. २३० व्होल्टवर २० अँपिअरची मर्यादा हवी असल्यास ११.५ ओहम, म्हणजे ५० हर्ट्झला सुमारे ३७ मिलिहेन्री लागतात. तेवढाच निव्वळ रोध वापरला, तर शॉर्टच्या स्थितीत ४.६ किलोवॅट उष्णता होते. म्हणून चोकच (प्रेरक गुंडाळीच) योग्य. चोकसोबत थोडा रोधही असावा, असे बरेच जण मानतात. किती, यावर मतभेद आहेत.

डिमरस्टॅटने दाब कमी-जास्त होतो. तो धारामर्यादक नव्हे.

शेतातील डीपी (वितरण रोहित्र) : यात वेगळा धारामर्यादक नसतो. ११ किलोव्होल्ट/४३३ व्होल्ट रोहित्राची अंतर्गत प्रतिबाधा साधारण ४.५ टक्के धरली, तर शॉर्ट झाल्यास पूर्णभाराच्या २२ पट धारा वाहते. २५ केव्हीएच्या रोहित्रात ३३ अँपिअरचे सुमारे ७४० अँपिअर होतात. भाराबरोबर दाब पडू नये म्हणून प्रतिबाधा मुद्दाम कमी ठेवलेली असते. ११ केव्ही बाजूचा डीओ (ड्रॉप-आउट फ्यूज) आणि खालचे किटकॅट फ्यूज धारा मर्यादित करत नाहीत, तोडतात. तेही तार योग्य जाडीची असेल तरच. हरभऱ्याला पाणी देण्याच्या दिवसांत भार वाढून फ्यूज वारंवार जातो, तेव्हा जाड तार बांधली की संरक्षण संपते आणि रोहित्र जळते. औसा तालुक्यासारख्या विहीर-बोअरवरच्या भागात याचा अर्थ ऐन गरजेच्या वेळी पाणी बंद.

सुरक्षा : ३० मिलिअँपिअरही जीवघेणे ठरू शकतात, वीज बंद केल्यावरही टेस्ला कॉइलच्या धारित्रात विद्युत् भार उरतो.