थोरली पाती, धाकटी पाती आणि कापलेली आत्या

मंडळी, आज जरा लांबलचक लिहितेय. विषय आपल्या सगळ्यांच्या घरातला आहे: जुने फोटो.

देवासला मूळ असलेल्या घरांना ठाऊक आहेच, एका गावात दोन राज्यं होती. तुकोजी आणि जिवाजी हे पवार बंधू 1728 च्या सुमारास माळव्यात स्थिरावले आणि त्यांच्या वंशाच्या दोन पाती झाल्या, थोरली आणि धाकटी. दोन राजे, दोन दरबार, दोन कचेऱ्या, गाव मात्र एकच! 1948 मध्ये दोन्ही संस्थानं मध्य भारतात विलीन झाली. त्यामुळे आपल्याकडच्या एखाद्या फोटोमागे नुसतं 'देवास दरबार' लिहिलेलं असलं, तर पहिला प्रश्न हाच की कुठला दरबार?

आमच्या घरात असाच एक फोटो आहे. पायऱ्यांवर पगड्या घातलेले चौदा पुरुष, मागे पेन्सिलीनं 'देवास, दरबार'. साल नाही, नावं नाहीत. 2019 मध्ये चुलतभावानं तो स्कॅन केला आणि मी उत्साहानं घरच्या ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, 'थोरल्या पातीचा दरबार, तुकोजीराव महाराजांच्या वेळचा.' कशावरून? पगड्यांवरून! सगळ्यांनी हात जोडले, पुढे पाठवला. दोन वर्षांत ते घरचं सत्य झालं. फोनच्या लेखी मात्र पणजोबा 2019 साली पगडी घालून उभे होते. स्कॅन केल्याची तारीख हीच फोटोची तारीख असं फोन धरून चालतो.

मग एका दिवाळीत धारला आत्याकडे गेले. तिच्या पेटीत मूळ फोटो निघाला. आत्यानं चष्मा पुसला, बघितलं आणि म्हणाली, "अगं, दरबार कसला? काकाचं लग्न हे. मी सात वर्षांची होते. डावीकडचे मुलीकडचे, थोरल्या पातीत नोकरीला. उजवीकडचे आपले, धाकट्या पातीतले. आणि ही बघ मी."

उजव्या कडेला, पायरीखाली, परकर सावरत उभी असलेली एक मुलगी होती. आमच्या स्कॅनमध्ये ती नव्हतीच. स्कॅनरनं कडा आपोआप कापल्या होत्या आणि आम्ही कुणी मुळाशी ताडून पाहिलं नव्हतं. आत्याच्या हिशेबानं साल 1944. तुकोजीराव महाराज (तिसरे) तर 1937 मध्येच वारले. म्हणजे माझी ओळ पूर्ण चुकीची, आणि ज्या एकट्या व्यक्तीला हे माहीत होतं तिलाच आम्ही कापून टाकलं होतं.

या गोष्टी नीट करणारी माणसं आपल्याच माळव्यात होऊन गेली. लाला दीनदयाळ 1866 मध्ये इंदूरला बांधकाम खात्यात नोकरीला लागले आणि तिथेच फोटोग्राफीकडे वळले. पुढे सर लेपेल ग्रिफिनबरोबर त्यांनी मध्य हिंदुस्थानातली स्मारकं टिपली. त्यांचं पुस्तक 1886 मध्ये निघालं. दीनदयाळ आपल्या काचेच्या निगेटिव्हवर क्रमांक घालत. म्हणून आज दिल्लीच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्रात असलेल्या त्यांच्या काचा म्हणजे नुसता ढीग नाही, तो संग्रह आहे. देवासचंही तसंच. ई. एम. फॉर्स्टर 1921 मध्ये थोरल्या पातीच्या महाराजांचा खासगी सचिव होता. त्यानं घरी लिहिलेली पत्रं जपली गेली, म्हणून 1953 मध्ये 'द हिल ऑफ देवी' होऊ शकलं.

आम्ही त्यानंतर काय केलं ते सांगते. आत्याबरोबर चार दुपारी बसलो. मी फोटो दाखवायचे, ती बोलायची, फोनवर आवाज रेकॉर्ड होत राहायचा. नावं डावीकडून उजवीकडे, ओळीनं. ओळख पटली नाही तर 'माहीत नाही' असंच लिहिलं. सगळे फोटो पुन्हा स्कॅन केले, 600 डीपीआयला, कडांसकट, आणि मागची बाजूसुद्धा, कारण स्टुडिओचा शिक्का आणि पेन्सिलीचं अक्षर तिथेच असतं. फाइलच्या नावात आधी साल, मग गाव, मग प्रसंग: '1944-अंदाजे-देवास-काकांचं लग्न'. साल आधी घातलं की फाइली आपोआप क्रमानं लागतात. 'अंदाजे' हा शब्द लिहायला लाजायचं नाही. प्रती तीन: एक संगणकावर, एक वेगळ्या डिस्कवर, एक दुसऱ्या गावी भावाकडे. व्हॉट्सॲपवर फोटो पाठवला की तो लहान होतो, म्हणून ती प्रत बघण्यापुरती, जपण्यासाठी नाही.

आणि मूळ फोटो टाकून देऊ नका. चिकटपट्टीच्या अल्बममध्ये असतील तर ओढून काढू नका, फाटतात. तसेच अल्बमसकट स्कॅन करा. मागे लिहायचं तर मऊ पेन्सिलीनं, कडेला. बॉलपेनचा वळ पुढे उमटतो.

चार दुपारींत 212 चेहऱ्यांना नावं मिळाली. एका बाईचं नाव मिळालं नाही. ती पाच फोटोंत आहे, प्रत्येक वेळी मागे उभी, पदर डोक्यावर. आत्या बराच वेळ बघत राहिली. म्हणाली, "हात ओळखीचे वाटतात गं, नाव येत नाही."

यंदा गेले तेव्हा आत्यानं मला माझ्या आईच्या नावानं हाक मारली. फोटो दाखवले तर हसली फक्त. पाचवी दुपार आम्ही पुढच्या सुट्टीवर ढकलली होती.

तुमच्या घरी जी आत्या, मावशी, काका असतील, त्यांच्याकडे या रविवारीच जा. स्कॅनर नंतर घेतला तरी चालेल.