मेस्त्री, मास्तर आणि मास्टर टेप

गेल्या पावसाळ्यात भाईंदरच्या आमच्या घरातली ओट्याखालची कपाटं फुगली. प्लायवूडनं पाणी धरलं होतं आणि दारं लागेनात. त्या सकाळी मी हेडफोन लावून जॅझ पियानोवादक होरेस सिल्व्हरचा ‘साँग फॉर माय फादर’ ऐकत बसलो होतो. नवी हाय-रेझोल्यूशन फाइल होती, २४ बिट, १९२ किलोहर्ट्झ. पडद्यावर अल्बमच्या नावाला चिकटून एक शब्द होता, ‘रीमास्टर्ड’. तेवढ्यात दारातून बायकोची हाक आली, “अहो, मेस्त्री आलेत.”

मास्टर डोळ्यांसमोर होता आणि मेस्त्री कानावर आला. दोघांत म, स, त (किंवा ट), र ही चारही व्यंजनं त्याच क्रमानं होती. मेस्त्रींना कपाटं दाखवली, चहा दिला आणि शब्दकोश उघडून बसलो. तेव्हापासून हा विषय मला सोडत नाही.

नात्याचा सांगाडा सोपा आहे. लॅटिनमध्ये ‘माजिस’ म्हणजे जास्त, त्यावरून ‘माजिस्टर’ म्हणजे थोरला, शिकवणारा, प्रमुख. (‘मिनुस’ म्हणजे कमी. त्यावरून झालेला ‘मिनिस्टर’ म्हणजे धाकटा, सेवा करणारा.) हा माजिस्टर जुन्या फ्रेंचमधून इंग्रजीत गेला आणि ‘मास्टर’ झाला. पोर्तुगीजमध्ये तो ‘मेस्त्रे’ झाला. मराठीनं या एकाच माणसाला तीनदा घरात घेतलं. पहिल्यांदा पोर्तुगीजांकडून मेस्त्री म्हणून, मग इंग्रजांकडून मास्तर म्हणून, आणि शेवटी पुन्हा इंग्रजीतूनच मास्टर म्हणून. शाळेतले मास्तर, शिवणाऱ्या दुकानातले टेलर मास्तर, बँडमास्तर हा मधला भाऊ. मास्टर की आणि मास्टर टेप हा धाकटा. थोरल्याच्या कानामागे मात्र आजही पेन्सिल आहे.

‘मेस्त्री’ पोर्तुगीज कशावरून, हा प्रश्न मला अनेकांनी विचारला. इंग्रजी ‘मास्टर’च बिघडून मेस्त्री झाला असेल, असं त्यांना वाटतं. हे मला मुळीच पटत नाही. इंग्रजी मास्टर मराठीच्या तोंडात पडला की काय होतं, ते आपल्यासमोरच आहे: त्याचा मास्तर होतो, ‘आ’ टिकून राहतो. ‘आ’चा ‘ए’ करायला मराठीला काही कारणच नव्हतं. यूल आणि बर्नेल यांनी १८८६च्या ‘हॉब्सन-जॉब्सन’मध्ये हिंदुस्थानभर पसरलेल्या ‘मिस्त्री’चं मूळ पोर्तुगीज ‘मेस्त्रे’ असंच दिलंय. गोव्यातल्या आसगावात जन्मलेले सेबास्तियाँव रोदोल्फो दालगादो यांनी १९१३ साली आशियाई भाषांतल्या पोर्तुगीज शब्दांवर एक अख्खा ग्रंथ छापला. त्यातही हा शब्द आहे.

दुसरा आक्षेप शेवटच्या ‘ई’वर. तेली, माळी, कोळी, गवंडी यांच्या पंक्तीत बसवण्यासाठी मराठीनं ही ‘ई’ पदरची जोडली, असं म्हणणारे आहेत. पंक्तीची मदत झाली असेल, पण ‘ई’ पदरची नाही. पोर्तुगीज ‘शाव्ह’ म्हणजे किल्ली, तिची आपण चावी केली. ‘बाल्द’ची बालदी केली. दोन्ही शब्दांच्या शेवटी लिहिताना ‘ए’ आहे आणि मराठीत त्या दोन्हींची ‘ई’ झाली. चावी आणि बालदी काही व्यवसाय नव्हेत, त्यांना कोळ्या-माळ्यांच्या पंक्तीत बसायचं नव्हतं. ‘मेस्त्रे’चा मेस्त्री त्याच नियमानं झाला.

आता यातली मला सगळ्यात आवडणारी गोष्ट. आजच्या लिस्बनमध्ये किल्लीला ‘शाव्ह’ म्हणतात, पण सोळाव्या शतकात त्या अक्षराचा उच्चार ‘च’ होता. ‘मेस्त्रे’तला ‘स’ही तिथे पुढे ‘श’कडे झुकला. आज लिस्बनकराच्या तोंडी तो ‘मेश्त्र’सारखा ऐकू येतो. आपण मात्र चावीच म्हणतो, मेस्त्रीच म्हणतो. ज्या दिवशी हे शब्द इथल्या बंदरात उतरले त्या दिवसाचा उच्चार मराठीनं धरून ठेवला आणि मूळ गावात तो पुसला गेला. जुना सूर कुठल्या तरी दूरच्या कपाटात शाबूत राहावा आणि पुढे कुणी तो काढून लावावा, हेच तर रीमास्टरिंग.

सुतार (सूत्रधार), गवंडी, लोहार असे पिढीजात शब्द असताना मराठीला नवा शब्द लागला कशाला? कारण मेस्त्री हे कामाचं नाव नव्हे, ती पायरी आहे. लाकडाचा मेस्त्री असतो, विटांचा असतो, मोटारीचाही असतो. ज्याच्या हाताला काम समजलंय आणि ज्याच्या शब्दावर बाकीचे हात चालतात, तो मेस्त्री. पोर्तुगीजांच्या बांधकामावर असा माणूस रोज उभा असणार. २३ डिसेंबर १५३४ला गुजरातच्या बहादूरशहानं वसई पोर्तुगीजांना दिली आणि १७३९च्या मे महिन्यात चिमाजी अप्पांनी ती जिंकून घेतली. मधल्या २०४ वर्षांत वसईच्या खाडीच्या दोन्ही काठांवर कोट, बुरूज, चर्चं उठत होती. घोडबंदरचा किल्ला आणि धारावी बेटावरचा कोट तर आजच्या मीरा-भाईंदरच्या हद्दीतच येतात. वसईचा घडीव दगड गोव्यात बों जेझू चर्चच्या दर्शनी भिंतीपर्यंत गेला. एवढा दगड जिथून घडून निघत होता, तिथे ‘मेस्त्रे’ ही हाक दिवसातून शंभरदा उठली असणार. मराठीत हा शब्द गोव्यातून वर आला असं सर्वसाधारण मत आहे. मला वाटतं तो दोन्हीकडून आला आणि उत्तर कोकणात तो वसईच्या खाडीवर उतरला.

गोव्यात या मेस्त्रेचा आणखी एक मुलगा होता. चर्चच्या शाळेत मुलांना स्वरलिपी वाचायला शिकवणारा, व्हायोलिन हातात देणारा, गायकवृंद सांभाळणारा तोही मेस्त्रेच. त्याच्या हाताखालून निघालेली पोरं मुंबईच्या हॉटेलांत आणि मग सिनेमाच्या वाद्यवृंदांत वाजवायला आली. ट्रंपेटवादक चिक चॉकलेट त्यातलेच आणि संगीतकार प्यारेलाल ज्यांच्याकडे व्हायोलिन शिकले ते अँथनी गोन्साल्विसही त्यातलेच. तेव्हा मेस्त्री संगीतात आला तो टेपवर बसून नव्हे, त्याच्या कितीतरी आधी आला.

पोर्तुगीज गलबतातून एक शब्द इथे आला आणि एक शब्द इथून गेला. तो शब्द म्हणजे लाख. संस्कृतातली लाक्षा, म्हणजे पळस-कुसुमावरच्या किड्यांचा राळेसारखा पदार्थ, फारसी-अरबीतून पोर्तुगीजांकडे जाऊन ‘लाक्र’ झाली आणि त्याच्यावरून इंग्रजीत ‘लॅकर’ झालं. ७८ फेऱ्यांच्या तबकड्या खरोखर लाखेच्या असत आणि ती लाख बव्हंशी हिंदुस्थानातून जाई. पुढे ध्वनिमुद्रणाच्या टेबलावर ॲल्युमिनियमची एक चकती आली. तिच्यावरचा लेप नायट्रोसेल्युलोजचा, त्यात लाखेचा कणही नाही, पण नाव पडलं लॅकरच. टेपवरचा आवाज त्या लॅकरवर सुईनं कोरतात. मग तिच्यावर चांदीचं पाणी फवारतात, कारण लॅकरमधून वीज वाहत नाही. चांदी चढली की विजेनं निकेलचा जाड मुलामा बसतो. तो सोलून काढला की उलटी प्रत मिळते. तिला कारखान्यात मास्टर म्हणतात, फादरही म्हणतात. फादरवरून मदर बनते, मदरवरून स्टँपर आणि स्टँपरवरून बाजारातली तबकडी.

मास्टर, फादर, चांदी. इथवर आलो आणि ‘साँग फॉर माय फादर’ हे नाव मला वेगळंच ऐकू येऊ लागलं.

होरेस सिल्व्हर २ सप्टेंबर १९२८ला अमेरिकेत कनेटिकटमधल्या नॉरवॉकला जन्मला. वडील जॉन तावारिस सिल्व्हा केप व्हर्दे द्वीपसमूहातल्या मायो बेटावरचे. आफ्रिकेच्या पश्चिमेला असलेली ही बेटं १९७५पर्यंत पोर्तुगीजांची होती. हिंदुस्थानाच्या वाटेवर वास्को द गामाचा ताफा जुलै १४९७मध्ये तिथेच सांतियागो बेटाला थांबला होता. अमेरिकेत सिल्व्हाचा सिल्व्हर झाला. लॅटिन ‘सिल्वा’ म्हणजे रान. वसई-उत्तनच्या दारांवर दिसणारं डिसिल्व्हा हे नाव तिथलंच, अर्थ ‘रानाकडचे’. आवाज जवळचा वाटला म्हणून रानाची चांदी झाली, अर्थाचा काही संबंध नाही. एकाच पाण्यावरून निघालेलं हे आडनाव इकडे खाडीकाठी जसंच्या तसं राहिलं आणि तिकडे बदललं.

नॉरवॉकच्या घरी वडील आणि काका मंडळी जमून केप व्हर्देची गाणी वाजवत. लहान होरेसनं ती ऐकली होती. १९६४च्या सुरुवातीला तो ब्राझीलला, म्हणजे पुन्हा पोर्तुगीज बोलणाऱ्या मुलखात जाऊन आला. तिथला बोसा नोव्हाचा ठेका आणि बापाच्या गाण्यांची चाल त्याच्या मनात एकत्र आली. २६ ऑक्टोबर १९६४ला न्यू जर्सीतल्या एंगलवूड क्लिफ्सला रूडी व्हॅन गेल्डरच्या स्टुडिओत ‘साँग फॉर माय फादर’ ही धून मुद्रित झाली. ट्रंपेटवर कारमेल जोन्स, टेनर सॅक्सोफोनवर जो हेंडरसन, बासवर टेडी स्मिथ, ड्रम्सवर रॉजर हम्फ्रीज. त्याच अल्बममध्ये ‘कलकत्ता क्यूटी’ नावाची धूनही आहे, ती त्याच्या आदल्या वर्षीच्या ऑक्टोबरातली, जुन्या वादकसंचाची.

व्हॅन गेल्डर हा माझ्या लेखी शुद्ध मेस्त्री. १९५९पर्यंत तो दिवसा लोकांचे डोळे तपासून चष्मे द्यायचा आणि उरलेल्या वेळात आईवडिलांच्या हॅकनसॅकच्या घरी, दिवाणखान्यात ध्वनिमुद्रण करायचा. ब्लू नोट या रेकॉर्ड कंपनीच्या आल्फ्रेड लायननं त्याच्यावर सगळी मदार टाकली होती. टेप त्यानं करायची आणि लॅकरही त्यानंच कोरायचं. तबकडीच्या मधल्या कोऱ्या पट्टीत तो आपली खूण उमटवायचा, सुतारानं चौकटीच्या मागे नाव घालावं तशी.

नव्या फाइलींचा खरा वाद इथे आहे. टेपवर जे होतं ते सगळं तबकडीवर जात नसे. घरोघरच्या स्वस्त पिकअपची सुई खाचेतून उडू नये म्हणून कोरताना खर्ज आवरायचा, चढउतार थोडे दाबायचे, हा त्या काळचा रिवाज. मग मूळ कुठलं? टेप, की मेस्त्रीच्या हातून गेलेली तबकडी? जुने संग्राहक तबकडीवर हक्क सांगतात. फाइल विकणारे म्हणतात, आम्ही थेट मास्टर टेप दिली. १९९९पासून व्हॅन गेल्डरनं स्वतःच आपल्या जुन्या टेपा २४ बिटमध्ये उतरवल्या आणि त्या सीडींवर त्याचंच नाव छापलं गेलं. तिथे तरी वाद मिटायला हवा होता, पण मिटला नाही. त्या आवृत्त्या अनेकांना फार पुढे आलेल्या, चढ्या वाटतात. मलाही वाटतात.

आकड्यांनी हा वाद सुटत नाही. सीडीचा १६ बिटचा पल्ला सुमारे ९६ डेसिबल, २४ बिटचा कागदावर सुमारे १४४. त्या काळच्या टेपचा पल्ला साधारण ६०–७०. म्हणजे टेप सीडीतही सुखानं मावते. १९२ किलोहर्ट्झला सात मिनिटांच्या त्या धुनेचे एकेका कानासाठी आठ कोटींहून अधिक नमुने होतात. त्यात टेपची सळसळही तितक्याच निष्ठेनं मोजलेली असते. आणि तरीही नव्या फाइलीत सिल्व्हरचा डावा हात बासच्या मागे दडत नाही. व्हॅन गेल्डरचा पियानो पेटीत बंद केल्यासारखा वाजतो, अशी जुनी तक्रार आहे. या फाइलीत पेटीचं झाकण जरा उघडलंय. हे बिटांमुळे झालेलं नाही. यावेळी टेपसमोर बसलेल्या माणसानं कुठे हात लावायचा आणि कुठे नाही, हे नीट ठरवलं होतं.

मास्टर टेपमधला मास्टर म्हणजे ‘मालक’, मास्टर कीसारखा, असं इंग्रजीचे जाणकार सांगतात. प्रती ज्याच्या ताब्यात, तो मास्टर. व्युत्पत्तीनं ते बरोबर असेल. पण तीच टेप तीनदा रीमास्टर होते आणि तिन्ही वेळा पियानो वेगळा वाजतो. हे मालकानं होत नाही, मेस्त्रीनं होतं. ‘रीमास्टर्ड’ला मराठी शब्द करायची वेळ आली, तर मी मेस्त्रीवरूनच करीन.

दुपारी कपाटाचं दार बसवून झाल्यावर मेस्त्रींनी बोटाच्या पेरानं ते वरपासून खालपर्यंत टकटक वाजवून पाहिलं. एका जागी थांबले, पुन्हा वाजवलं, आणि दार उतरवून तिथली पट्टी बदलली. मला आवाजात काहीच फरक कळला नव्हता.

हात धुऊन ते बाहेर आले तेव्हा पडद्यावर अल्बमचं मुखपृष्ठ तसंच उघडं होतं. टोपी घातलेला, तोंडात सिगार धरलेला एक म्हातारा, होरेसचा बाप. मेस्त्री जरा वाकून बघत राहिले.

“हो खंयचो?” त्यांनी विचारलं. “उत्तनचो काय?”