पाचगणी, जुलै १९४४ : आंतरजालावरील अभिलेख आणि प्राथमिक साधनांची चिकित्सा

प्रस्तावना

इतिहासलेखनात प्राथमिक साधनांचे महत्त्व मराठी अभ्यासकांना नव्याने सांगण्याची आवश्यकता नाही. वि. का. राजवाडे यांनी 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालिकेचा पहिला खंड १८९८ मध्ये प्रसिद्ध केला. त्यातील कागद पसरणी घाटाच्या पायथ्याशी असलेल्या वाईत मिळाले होते. राजवाडे यांना अस्सल कागदासाठी गावोगावची दफ्तरे धुंडाळावी लागली. आज त्याच घाटमाथ्यावरील पाचगणीच्या इतिहासाची कित्येक साधने संगणकाच्या पडद्यावर उपलब्ध आहेत. कागद हाती येणे सुलभ झाले, परंतु त्याची पारख करण्याची जबाबदारी कमी झालेली नाही. किंबहुना ती वाढली आहे. प्रस्तुत निबंधात महात्मा गांधींच्या जुलै १९४४ मधील पाचगणी येथील वास्तव्याच्या आधारे या प्रश्नाचा विचार केला आहे.

घटनेची पार्श्वभूमी

६ मे १९४४ रोजी गांधीजींची पुण्याच्या आगाखान पॅलेसमधून सुटका झाली. प्रकृतिस्वास्थ्यासाठी ते जुलैमध्ये पाचगणीस आले व 'दिलखुश' या बंगल्यात राहिले. १० जुलै रोजी राजाजी योजना जाहीर झाली. १७ जुलै रोजी गांधीजींनी येथूनच दोन पत्रे लिहिली : एक बॅ. जीना यांना गुजरातीत, दुसरे ब्रिटनचे पंतप्रधान चर्चिल यांना इंग्रजीत. जीनांनी २४ जुलै रोजी श्रीनगरहून उत्तर दिले आणि सप्टेंबरमध्ये मुंबईत गांधी-जीना वाटाघाटी झाल्या. याच महिन्यात पुण्याहून आलेल्या तरुणांनी राजाजी योजनेविरुद्ध पाचगणीत निदर्शने केली. एका लहानशा गिरिस्थानाचा असा एक महिना राष्ट्रीय इतिहासात आला.

साधनांचा शोध

या महिन्याची साधने चार ठिकाणी विखुरलेली आहेत. गांधीजींची पत्रे साबरमती आश्रमाच्या 'गांधी हेरिटेज पोर्टल'वर, संकलित वाङ्मयाच्या खंडांत आढळतात. सरकारी पत्रव्यवहाराचा निवडक भाग 'ट्रान्सफर ऑफ पॉवर' या मालिकेच्या चौथ्या खंडात आहे. राष्ट्रीय अभिलेखागाराच्या 'अभिलेख पटल'वर गृहखात्याच्या फायली शोधता येतात. गांधीहत्येच्या कटाची चौकशी करणाऱ्या कपूर आयोगाचा १९६९ चा अहवालही आंतरजालावर वाचावयास मिळतो.

शोध घेताना पहिली अडचण स्थलनामाची येते. ब्रिटिश कागदांत पाचगणीचे रोमन लेखन एकसारखे नाही. 'ग' या अक्षरानंतर कोठे 'ए' येतो, कोठे 'यू'; शेवटी कोठे 'आय', कोठे 'वाय'. एकच रूप टंकित करून 'काही आढळले नाही' असा निष्कर्ष काढणारा विद्यार्थी निम्मी साधने गमावतो. शिवाय छायाप्रतीतील अक्षरे यंत्राने वाचलेली असतात व त्या वाचनात चुका राहतात. म्हणून शोधपेटीवर विसंबून न राहता संबंधित तारखांची पाने क्रमाने वाचणे हाच खात्रीचा मार्ग ठरतो.

दुसरी अडचण आवृत्तीची आहे. गांधीजींच्या इंग्रजी संकलित वाङ्मयाची मूळ आवृत्ती शंभर खंडांची असून जुलै १९४४ ची पत्रे तिच्या ७७व्या खंडात आहेत. पुढे निघालेल्या सुधारित आवृत्तीत खंडांचा क्रम बदलला, काही मजकूर गळाल्याचे अभ्यासकांनी दाखवून दिले आणि २००५ मध्ये ती मागे घेण्यात आली. तिच्या संगणकीय प्रती मात्र आंतरजालावर फिरत राहिल्या. खंडक्रमांक देताना आवृत्ती न सांगणे हा म्हणूनच किरकोळ दोष मानता येत नाही.

चिकित्सेची तीन उदाहरणे

पहिले उदाहरण जीनांना लिहिलेल्या पत्राचे आहे. मातृभाषेत लिहिण्याचा हेतू गांधीजींनी त्या पत्रातच व्यक्त केला आहे. इंग्रजी खंडात मिळतो तो त्याचा अनुवाद होय. एखाद्या इंग्रजी शब्दावर युक्तिवाद उभारावयाचा असेल, तर प्रथम गुजराती पाठ पाहिला पाहिजे.

दुसरे उदाहरण चर्चिल यांच्या पत्राचे. त्यावर १७ जुलै ही तारीख आहे, परंतु व्हाइसरॉयमार्फत पाठविलेले ते पत्र गहाळ झाले व गांधीजींना ते सप्टेंबरमध्ये पुन्हा पाठवावे लागले. पत्र अस्सल आहे, तारीखही खरी आहे. तथापि, चर्चिल यांना ते जुलैमध्येच मिळाले असे गृहीत धरून केलेले विवेचन चुकीचे ठरेल. लेखनाची तारीख व पोहोचण्याची तारीख या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत.

तिसरे उदाहरण सर्वांत नाजूक आहे. निदर्शनांच्या वेळी नथुराम गोडसे सुरा घेऊन गांधीजींच्या दिशेने धावला व त्याला अडविण्यात आले, ही हकिगत भिलारे गुरुजींनी सांगितली आणि ती परिसराच्या स्मृतीत रुजली. या प्रसंगाविषयी कपूर आयोगापुढे साक्षी झाल्या. आयोगाला मात्र सुऱ्याच्या हल्ल्याचा दावा प्रस्थापित करता आला नाही. येथे दोन टोके टाळावयास हवीत. सिद्ध झाले नाही म्हणजे घडलेच नाही, असे होत नाही. आणि प्रत्यक्षदर्शीने सांगितले एवढ्यावरून ते सिद्धही होत नाही. १९४४ ची वार्ता आणि वीस वर्षांहून अधिक काळानंतरची साक्ष यांचे प्रमाण्य वेगळे आहे. आंतरजालावर मात्र ती एकाच पडद्यावर, एकाच आकाराच्या अक्षरांत शेजारी-शेजारी दिसतात. वाचकाच्या मनातील कालांतर त्यामुळे पुसले जाते आणि अर्धा उतारा उचलून आपापला पक्ष मांडणे सोपे होते.

निष्कर्ष

आंतरजालाने दिल्ली, लंडन व साबरमती यांची दफ्तरे तालुक्याच्या महाविद्यालयात आणली, हा लाभ मोठा आहे. परंतु संगणकावर येते ते प्रामुख्याने सरकारचे व थोर पुरुषांचे लेखन. डोंगरमाथ्यावरील शाळांची नोंदपुस्तके, आरोग्यधामांची दफ्तरे, दांडेघर, गोडवली, खिंगर या गावांतील घरगुती कागद यांचा शोध आजही राजवाडे यांच्याच मार्गाने, पायी घ्यावा लागतो. संगणकावर नसलेले ते इतिहासात नव्हतेच, असा समज विद्यार्थ्यांत रुजू देता कामा नये. त्यासाठी पदवीच्या वर्गात संकेतस्थळांची यादी देऊन थांबू नये. एकच घटना, तिची चार साधने आणि प्रत्येकाची तारीख, भाषा व आवृत्ती तपासण्याचा अभ्यास विद्यार्थ्यांकडून करून घ्यावा. पाचगणीचा जुलै १९४४ त्यासाठी पुरेसा आहे.