सूप बॉयची भाषा

१६ नोव्हेंबर २०११ला ‘व्हाय धिस कोलावेरी डी’ प्रसिद्ध झाले आणि वेस्ट मांबलमच्या आमच्या गल्लीत दुसरे गाणे ऐकू येईना. ‘३’ या तमिळ चित्रपटासाठी ते बांधणारा अनिरुद्ध रविचंदर तेव्हा २१ वर्षांचा. शब्द आणि आवाज धनुषचा. प्रेमात आपटलेला तो ‘सूप बॉय’. ‘कोलै’ म्हणजे हत्या, ‘वेऱी’ म्हणजे उन्माद. बाकीचे बहुतेक शब्द इंग्रजी, पण तमिळ वळणाचे.

मी ते मराठीत आणायला बसले. अर्थ आला, गाणे आले नाही. त्या मुलाचे दुःख मोडक्या इंग्रजीतच होते. इंग्रजी सरळ केली की तेही नाहीसे होई.

तंजावरच्या शहाजीराजांनी (राज्यकाल १६८४–१७१२) ‘पंचभाषाविलास’ नाटकात संस्कृत, तमिळ, तेलुगू, मराठी आणि हिंदी एकत्र नांदवल्या. हे मी अभिमानाने सांगत असे. आजीची तमिळमिश्रित तंजावुरी मराठी मात्र चारचौघांत दुरुस्त करत असे. हळूहळू ती माझ्याशी तमिळच बोलू लागली.

गाण्याचे भाषांतर मी सोडून दिले. आजीची वाक्ये आठवतील तशी लिहून ठेवते, न सुधारता.