दोषसंकेत निदान (वाराणसीतील जुन्या पिकअप गाड्यांतील)

दोषसंकेत : सेन्सरकडून येणारा विद्युत संदेश ठरलेल्या मर्यादेबाहेर गेला, की इंजिनाचे नियंत्रण करणारा संगणक म्हणजेच ईसीएम आपल्या स्मृतीत पाच वर्णांची नोंद करतो. ही नोंद म्हणजे दोषसंकेत. गॅरेजात तिला ‘कोड’ म्हणतात. कोड पडला की बहुधा डॅशबोर्डावरचा इंजिनाच्या आकृतीचा पिवळा दिवा लागतो. संकेतावरून दोष कोणत्या मंडलात आहे एवढे कळते. त्या मंडलातला सेन्सर गेला, वायर तुटली, कपलर सैल झाला की अर्थ (अर्थिंग) सुटला, हे मोजूनच ठरवावे लागते. जुन्या पिकअपमध्ये वायरिंग सेन्सरइतकेच थकलेले असते. म्हणून कोड वाचून थेट सेन्सर बदलणे ही या कामातली सर्वांत महागडी चूक ठरते.

भारतातील पार्श्वभूमी : अमेरिकेत कॅलिफोर्निया राज्याने १९८८ च्या मॉडेलांपासून गाडीत स्वनिदानाची सोय (ओबीडी) सक्तीची केली. १९९६ पासून ओबीडी-२ ही समान पद्धत तेथे सर्व नव्या मोटारींना लागू झाली. भारतात ही सक्ती भारत स्टेज-४ (बीएस-४) मानकांबरोबर आली : एप्रिल २०१० पासून ओबीडी-१ आणि एप्रिल २०१३ पासून ओबीडी-२. मात्र २०१० मध्ये बीएस-४ फक्त १३ शहरांत सुरू झाले. त्यांत महाराष्ट्रातील मुंबई, पुणे व सोलापूर आणि उत्तर प्रदेशातील लखनौ, कानपूर व आग्रा होती, वाराणसी नव्हती. देशभर बीएस-४ लागू झाले ते १ एप्रिल २०१७ रोजी. त्यामुळे वाराणसीच्या रस्त्यांवरील जुन्या पिकअप एकाच वयाच्या असल्या तरी एकाच जातीच्या नसतात. यांत्रिक डिझेल पंपाच्या गाडीत ईसीएम नसतो, म्हणून कोडही नसतो. बीएस-३ काळातील कॉमन रेल गाडीत ईसीएम असतो, पण तिचे कोड वाचायला कंपनीचा स्कॅनर लागू शकतो. म्हणून स्कॅनर लावण्यापूर्वी गाडीचे उत्पादनवर्ष आणि इंजिनाचा प्रकार पाहावा.

संकेताची रचना : पहिले अक्षर विभाग सांगते : ‘पी’ इंजिन व गिअरबॉक्स, ‘सी’ चासी, ‘बी’ बॉडी, ‘यू’ संगणकांमधील संपर्क. दुसऱ्या जागी ० असल्यास अर्थ सर्व कंपन्यांत समान असतो; १ असल्यास तो कंपनीपुरता असतो. तिसरा अंक उपविभाग दाखवतो : ० ते २ इंधन आणि हवा, ३ प्रज्वलन व मिसिंग, ४ प्रदूषण नियंत्रण. उदाहरणार्थ, पी०३३५ हा क्रँक सेन्सरच्या मंडलाचा, पी०१०७ हा मॅनिफोल्ड दाबाच्या सेन्सरकडून कमी व्होल्टेज येत असल्याचा, तर पी००८७ हा इंधन रेलमध्ये दाब कमी पडल्याचा संकेत आहे. पी००८७ पडल्यावर रेलच्या दाबाच्या सेन्सरआधी तुंबलेला डिझेल फिल्टर पाहावा.

तपासणीचा क्रम : डॅशबोर्डाखालील १६ पिनांच्या सॉकेटला स्कॅनर जोडतात. स्कॅनर चालूच होत नसेल तर पिन १६ वर बॅटरीचा प्लस आणि पिन ४ वर अर्थ येतो का, हे आधी पाहावे. अनेकदा फ्यूज उडालेला असतो. मिळालेले सर्व कोड आणि दोष घडला त्या क्षणाची नोंद कागदावर उतरवून घ्यावी. दिवा घालवण्यासाठी बॅटरीचा टर्मिनल काढण्याची सवय अनेक ठिकाणी आहे. त्याने पुष्कळ गाड्यांत हा पुरावाच पुसला जातो. कोड उतरवून घेतल्यानंतर बॅटरीचे व्होल्टेज, इंजिन आणि चासीमधील अर्थ, मग कपलर, मग वायर आणि शेवटी सेन्सर असा क्रम ठेवावा. तीन-चार सेन्सरांचे कोड एकदम पडले तर सगळे सेन्सर एकाच वेळी गेले असे मानू नये. त्यांना मिळणारा ५ व्होल्टचा पुरवठा सामाईक असतो आणि त्यांतला एकच शॉर्ट झाला तरी बाकीचे खोटे बोलू लागतात.

उदाहरण : वाराणसीच्या पहाडिया मंडईत भाजी उतरवलेल्या पिकअपचा दिवा लागला आहे, कोड आहे पी०११८ आणि मे महिन्याच्या दुपारी स्कॅनर कूलंटचे तापमान उणे ४० अंश दाखवतो, असे समजू. कूलंटच्या तापमानाचा हा सेन्सर दोन वायरींचा असतो आणि तापमान वाढले की त्याचा रोध घटतो : अनेक गाड्यांत २० अंशांना सुमारे अडीच किलोओहम, तर १०० अंशांना सुमारे २०० ओहम. उणे ४० याचा अर्थ मंडल उघडे आहे. कपलर काढून त्याच्या दोन पिना छोट्या वायरने जोडाव्यात. आकडा एकदम शंभराच्या बराच वर गेला तर वायरिंग आणि ईसीएम ठीक, दोष सेन्सरात किंवा कपलरच्या पकडीत. आकडा हललाच नाही तर वायर कुठेतरी तुटली आहे आणि नवा सेन्सर घालून उपयोग नाही. ही युक्ती फक्त दोन वायरींच्या तापमान सेन्सरसाठी आहे. तीन वायरींच्या सेन्सरवर करू नये.

मॅनिफोल्ड दाबाचा सेन्सर तर फुकट तपासता येतो. इंजिन बंद ठेवून फक्त चावी ‘ऑन’ केली की त्याने बाहेरच्या हवेचा दाब दाखवला पाहिजे. वाराणसी समुद्रसपाटीपासून सुमारे ८० मीटरवर आहे, म्हणून तेथे ९९ ते १०१ किलोपास्कल यायला हवेत. पुण्यात, सुमारे ५६० मीटरवर, तोच निरोगी सेन्सर ९५ च्या आसपास दाखवील. पुण्याचा आकडा वाराणसीत दिसला तर सेन्सर किंवा त्याची वायर संशयास्पद ठरते.

स्थानिक कारणे : वाराणसीत गंगेची धोक्याची पातळी ७१.२६२ मीटर आहे. १९७८ च्या पुरात ती ७३.९०१ मीटरपर्यंत गेली होती. गंगा चढली की तिला मिळणाऱ्या वरुणा नदीचे पाणी मागे फुगते आणि काठावरच्या सखल वस्त्यांत शिरते. अशा पाण्यातून गेलेल्या गाडीच्या कपलरांत ओल राहते आणि तांब्यावर हिरवट थर धरतो. दोष त्या दिवशी दिसतोच असे नाही. कधी तो डिसेंबर-जानेवारीच्या धुक्यात, सकाळच्या दमट थंडीत प्रकटतो आणि ऊन पडले की नाहीसा होतो. येणारा-जाणारा कोड दिसल्यास इंजिन चालू ठेवून, पंखा व पट्ट्यापासून हात दूर ठेवत, वायरिंग हलके हलवून स्कॅनरवरचा आकडा उडतो का ते पाहावे. उन्हाळ्यातील धूळ एअर फिल्टर तुंबवते आणि गोदामातील उंदीर वायरींचे आवरण कुरतडतात.

खबरदारी : कॉमन रेल इंजिनात इंधनाचा दाब १,००० बारच्या वर जातो. इंजिन चालू असताना इंधनाच्या नळीचा नट कधीही सैल करू नये. फवारा कातडी भेदून आत शिरतो.

दुरुस्तीनंतर कोड पुसून, गाडी लादून, नेहमीच्या रस्त्याने चालवून पुन्हा स्कॅन करावे. मालवाहू पिकअप हे बहुतेकदा एका घराच्या रोजच्या कमाईचे साधन असते. अर्ध्या तासाचे मोजमाप त्या घराचा न लागणाऱ्या सेन्सरवरचा खर्च वाचवते.